केटी ट्रेलवरून रोशपोर्ट गावात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी मे महिना आला की भारतातून कोणाचे ना कोणाचे आईबाबा येतात आणि मग मला मेसेज सुरू होतात, की ते मिझुरी नदीकाठचं जुनं गाव कुठलं, सायकल हवीच का, आईच्या गुडघ्यांना झेपेल का. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलंय. गाव म्हणजे रोशपोर्ट, अमेरिकेच्या मिझुरी राज्यातलं, केटी ट्रेल नावाच्या लांब वाटेवरचं. एक विनंती मात्र आधीच करतो. रोशपोर्टला नुसती बाटली भरून पुढे निघू नका. त्या गावासाठी वेळ हातात ठेवून जा, बाकी सगळं जमवता येतं.

केटी ट्रेल म्हणजे नक्की काय?

जुन्या रेल्वेमार्गावर केलेली वाट. रूळ काढले, स्लीपर काढले आणि वर चुनखडीचा बारीक चुरा दाबून बसवला. पूर्वेला मॅकेन्सपासून पश्चिमेला क्लिंटनपर्यंत साधारण २४० मैल, म्हणजे ३८५ किलोमीटरच्या आसपास. अमेरिकेत रेल्वेच्या जागेवर झालेल्या सलग वाटांमधली ही सगळ्यात लांब वाटांपैकी एक आहे. बराच भाग मिझुरी नदीच्या काठाकाठाने जातो. मिझुरी स्टेट पार्क्स ती सांभाळतं, फी नाही, पार्किंगलाही पैसे नाहीत.

चालणारे, पळणारे, सायकलवाले, स्ट्रोलर ढकलणारे, व्हीलचेअरवाले, सगळे एकाच वाटेवर असतात. वाहन येत नाही, आणि आपल्याकडून आलेल्या माणसाला नेमकं याचंच अप्रूप वाटतं, की तासभर चाललो आणि मागून कोणी हॉर्न मारला नाही.

'केटी' हे कोणाचं नाव आहे?

कोणाचंच नाही. रेल्वे कंपनी होती मिझुरी-कॅन्सस-टेक्सस, तिचं लघुरूप एमकेटी. लोक म्हणताना नुसतं 'के-टी' म्हणायला लागले आणि त्याचं केटी झालं.

२४० मैलांत रोशपोर्टच का?

कारण नदी, कडे, बोगदा आणि गाव या चारही गोष्टी चालत जाता येईल एवढ्या टप्प्यात आहेत. ऑगस्टा, हर्मन ही पण सुंदर गावं आहेत, पण हर्मन नदीच्या पलीकडच्या काठावर पडतं आणि ऑगस्टा टेकडीवर, तिथे चढून जावं लागतं. रोशपोर्टमध्ये ट्रेल गावाच्या अंगाला चिकटून जाते. सायकलवरून उतरलात की दोन मिनिटांत जुन्या घरांच्या रांगेत.

नाव फ्रेंच आहे, खडकाळ बंदर असा काहीसा अर्थ. १८२५ साली गाव वसलं आणि आगबोटींच्या धंद्यावर मोठं झालं. १८४९ या एका वर्षात ५७ आगबोटींनी इथे मिळून ५०० वेळा नांगर टाकला असं गावाच्या इतिहासात सांगतात. आज वस्ती दोनशेच्या आसपास आहे. ही दोन टोकं डोक्यात ठेवून गावात फिरा, म्हणजे एवढ्याशा जागी इतकी भक्कम विटांची घरं कशी काय हे कोडं पडत नाही. आगबोटी गेल्या, मग रेल्वे आली, रेल्वे गेली, मग सायकली आल्या. आणि केटी ट्रेलचा पहिला तुकडा १९९० मध्ये लोकांसाठी उघडला तो इथेच, रोशपोर्टला.

पहिल्यांदा जाणाऱ्याने कुठून कुठपर्यंत जावं?

माझं उत्तर ठरलेलं आहे, मॅकबेनहून रोशपोर्ट. ट्रेलवर मैलांचे आकडे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात, मॅकबेन १६९.५ वर आहे आणि रोशपोर्ट १७८.३ वर, म्हणजे जाताना पावणेनऊ मैल आणि परत तेवढेच. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला चुनखडीचे उंच कडे, आणि मधून ही वाट. सगळ्या ट्रेलमध्ये मला हा तुकडा सगळ्यात आवडतो आणि हे बोलणारा मी एकटा नाहीये.

सायकलवर आरामात, थांबत थांबत, जायला सव्वा ते दीड तास. परतीचं अंतर धरून दमछाक होईल असं वाटत असेल तर सरळ रोशपोर्टला गाडी लावा आणि तिथून पूर्वेकडे झेपेल तितकं जाऊन या, कारण कडे गाव सोडल्यावर लगेचच सुरू होतात. पश्चिमेकडे निघालात तर बोगदा लगेच लागतो, पण त्यापुढे वाट नदीपासून लांब जाते आणि शेतांमधून जाते. वाईट नाही, पण ज्यासाठी एवढ्या लांब आलात ते दिसत नाही.

मॅकबेनजवळ ट्रेलपासून थोडं आत बर ओक जातीचं एक प्रचंड झाड आहे, वय साडेतीनशे वर्षांच्या वर असावं असा अंदाज आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्यावर वीज पडली, खोडाच्या आतून आग लागली होती, आणि झाड तरीही उभं राहिलं. वेळ असेल तर आधी तिकडे जाऊन या.

तिथपर्यंत पोचायचं कसं?

आय-७० महामार्गावर कोलंबिया शहराच्या पश्चिमेला एक्झिट ११५, तिथून गाव अगदी जवळ. सेंट लुईसहून दोन-सव्वादोन तास, कॅन्सस सिटीहून साधारण दोन तास. रोशपोर्टला रेल्वे स्टेशन नाही. अॅमट्रॅक या रेल्वे कंपनीची मिझुरी रिव्हर रनर गाडी सायकल घेते, पण त्यासाठी आधी बुकिंग करावं लागतं आणि उतरावं लागतं जेफरसन सिटी, हर्मन किंवा सेडेलियाला. तीन-चार दिवसांची ट्रिप असेल तरच हा मार्ग धरा. कोलंबियात राहात असाल तर गाडी काढायचीही गरज नाही, शहरातून निघणारी एमकेटी ट्रेल सुमारे नऊ मैलांवर केटीला येऊन मिळते.

आईबाबा साठीच्या पुढचे आहेत, जमेल?

चालायची सवय असेल तर नक्की जमेल. रेल्वेला तीव्र चढ चालत नाही, त्यामुळे नदीकाठचा सगळा भाग जवळपास सपाट आहे, चढ आहे हे डोळ्यांना दिसत नाही, फार तर पायांना किंचित जाणवतो. पायऱ्या नाहीत. त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. बसायची जागा सारखी सारखी नाहीये आणि परत यायला रिक्षा नाही. म्हणजे दोन मैल गेलात की दोन मैल परत यायचंच आहे, हे निघतानाच त्यांना सांगा, कारण आपली माणसं "अजून जरा पुढे जाऊया" म्हणत जातात आणि परतीच्या वाटेवर गप्प होतात.

माझे बाबा रेल्वेत होते. त्यांना मी बोगद्यापर्यंत आणि परत एवढंच नेणार होतो. बोगद्यात शिरल्याशिरल्या त्यांनी आधी भिंतीवर तळहात टेकवला, मग खाली बघितलं, जिथे रूळ असायचे तिथे, आणि बुटाच्या टोकाने चुरा जरासा उकरून बघितला. मग या तोंडापासून त्या तोंडापर्यंत पावलं मोजली, एकशे दहा भरली. परत आल्यावर म्हणाले, आता ते कडे पण दाखव. त्या दिवशी आम्ही सहा मैल चाललो.

बोगद्याबद्दल अजून सांगा ना

१८९३ चा आहे, लांबी २४३ फूट, म्हणजे ७४ मीटर. सगळ्या एमकेटी मार्गावरचा हा एकच बोगदा. नदीकाठाने मार्ग आणायचा फायदा हा की चढ लागत नाही, पण इथे कडा आडवा आला, मग तो फोडून आरपार जावं लागलं. तोंडावर दगडी कमान आहे, तिचे चिरे जवळून बघा, घडाई सुबक आहे.

आत दिवे नाहीत. पण लांबी एवढी कमी आहे की पलीकडचा उजेड सतत दिसत असतो, टॉर्च लागत नाही. सायकलवर असाल तर गॉगल काढा, कारण उन्हातून एकदम सावलीत शिरलं की दोन-तीन सेकंद काही दिसत नाही आणि नेमकं तेव्हाच समोर कोणीतरी फोटो काढत उभं असतं. मी तर उतरून चालतच जातो. पावसानंतर वरून थेंब पडत असतात आणि प्रत्येक थेंबाचा आवाज वेगळा ऐकू येतो.

कड्यांवर जुनी चित्रं आहेत म्हणतात, खरंय का?

खरंय, पण आता फार उरली नाहीत. अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घ्यायला निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांची मोहीम १८०४ च्या जूनमध्ये याच पाण्यातून प्रवाहाच्या उलट दिशेने वर गेली. ७ जूनला ते मोनिटो नावाच्या ओढ्याच्या तोंडाजवळ होते, जो आज रोशपोर्टला नदीला मिळतो, आणि खडकावरची चित्रं त्यांनी बघितल्याची नोंद क्लार्कने रोजनिशीत केली आहे. तिथेच रॅटलस्नेकचं बीळ लागलं आणि तीन साप मारले, हेही त्याच दिवशीच्या नोंदीत आहे. मोनिटो हे नाव मॅनिटूवरून आलंय, मॅनिटू म्हणजे अमेरिकेतल्या काही मूळ रहिवाशांच्या भाषांत दैवी शक्ती, आत्मा. म्हणजे गोऱ्या लोकांच्या आधी ही जागा कोणाची तरी श्रद्धेची जागा होती, हे नावातच राहिलं आहे.

१८९० च्या दशकात रेल्वेसाठी कडे सुरुंगाने फोडले तेव्हा बहुतेक चित्रं गेली. रोशपोर्टच्या पूर्वेला, एका झऱ्याच्या वर, लालसर रंगातली एक खूण अजून उरली आहे. खालून बघताना ती पटकन सापडत नाही, मला तिसऱ्या खेपेला सापडली. दुर्बीण असेल तर न्या. आणि कृपा करून कड्यावर चढायचा प्रयत्न करू नका, चुनखडी ठिसूळ असते, आणि एवढी वर्षं टिकलेल्या गोष्टीला आपला हात कशाला लागायला हवा.

याच भागात जुलैच्या दुपारी एक अनुभव येतो. घामाने निथळत सायकल चालवत असता आणि एकदम कड्याच्या बाजूने गार झोत अंगावर येतो, अगदी फ्रीज उघडल्यासारखा. ती कड्यातल्या गुहेतून बाहेर येणारी हवा. मिझुरीतल्या गुहांच्या आत बाराही महिने साधारण १३-१४ डिग्री असतं, त्यामुळे उन्हाळ्यात ती हवा थंड लागते आणि जानेवारीत तिथेच उबदार वाटते. तिथे थांबा, दोन मिनिटं उभे राहा.

सायकल कुठली चालेल?

हायब्रिड, ग्रॅव्हल, माउंटन, यातली कुठलीही. शर्यतीची बारीक टायरवाली नको, ३२ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर असला की निर्धास्त. कोरड्या दिवसांत चुऱ्यावर सायकल छान पळते. पावसानंतर मात्र चाक जरासं रुतल्यासारखं वाटतं, तेवढ्याच अंतराला जास्त जोर लागतो, आणि तो भिजलेला चुरा उडून पोटऱ्यांवर, चेनवर, पाण्याच्या बाटलीवर बसतो आणि वाळला की रांगोळी सांडल्यासारखा पांढरा होतो. घरी गेल्यावर चेन पुसून तेल द्या, तसंच ठेवलं तर दुसऱ्या दिवशी करकर सुरू होते.

भाड्याने घेत असाल तर निघायच्या आधी विचारा, सोबत जादाची ट्यूब आणि पंप देणार का. मी एकदा नाही विचारलं. गावापासून चार मैलांवर मागचं चाक बसलं, पिशवी उघडली तर आत नुसता पाना, ना ट्यूब ना पंप. चार मैल सायकल ढकलत आणली, सोबत नऊ वर्षांची पोरगी होती आणि पाण्याची एकच बाटली. तेव्हापासून भाड्याची सायकल असो की घरची, ट्यूब, पंप आणि टायर काढायच्या पट्ट्या माझ्या स्वतःच्या बॅगेत असतात.

ई-बाइक चालते का? आणि कुत्रा?

दोन्ही चालतं. ई-बाइकची मोटर ७५० वॉटच्या आतली हवी, स्कूटर-मोटरसायकल बंद. कुत्र्याला पट्टा पाहिजे, १० फुटांपेक्षा लांब नको.

"ऑन युअर लेफ्ट" असं ओरडून लोक का जातात? बाबा दचकले.

ती इथली पद्धत आहे, राग मानू नका. या वाटेवर सगळ्यांनी उजवीकडून चालायचं आणि पुढे जाणाऱ्याने डावीकडून जायचं. मागून येणारा म्हणतो 'ऑन युअर लेफ्ट', म्हणजे मी तुमच्या डाव्या बाजूने येतोय, तुम्ही आहात तसेच राहा. गडबड इथेच होते. 'लेफ्ट' ऐकू आलं की आपली माणसं नेमकी डावीकडे सरकतात! भारतात डावीकडून चालायची सवय, त्यामुळे पाय आपोआप तिकडे जातात. घरून निघतानाच आईबाबांना सांगून ठेवा की आवाज आला तर काही करायचं नाही, सरळ चालत राहायचं.

बाकी नियम सोपे आहेत. सायकलवाल्याने चालणाऱ्याला वाट द्यायची आणि सगळ्यांनी घोड्याला. रोशपोर्टच्या भागात घोड्यांना परवानगी नाही, ती सेडेलिया ते कॅलहून आणि टेबेट्स ते पोर्टलँड या दोन तुकड्यांवर आहे. तिकडे गेलात आणि समोर घोडा आला तर सायकल बाजूला घ्या, उतरा, आणि स्वाराशी शांतपणे दोन शब्द बोला, माणसाचा आवाज ऐकला की घोडा बिथरत नाही. पाच जणांचा ग्रुप असेल तर पाचही जणांनी शेजारी शेजारी चालू नका. आपल्याला गप्पा मारत चालायला आवडतं, मलाही आवडतं, पण वाट जेमतेम दोन-तीन माणसांच्या रुंदीची आहे.

गावात बघण्यासारखं काय आहे? अर्ध्या तासात होतं का?

अर्ध्या तासात गावाला फेरी मारून होते, पण बघून होत नाही. १९७६ मध्ये हे गाव अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदणीत गेलं. एक-दोन वास्तू नाहीत, जुन्या वस्तीचा सगळा भाग. त्यामुळे तिकीट काढून आत जायचं असं एखादं मोठं स्मारक शोधू नका. रस्तेच बघायचे. विटांची घरं, लाकडी घरं, पुढचे लांबलचक ओटे, त्यावरच्या झुलत्या खुर्च्या, ओट्याच्या कडेला कोणीतरी ठेवलेले मातीने भरलेले बूट. एक छोटं संग्रहालय आहे, काही पुराणवस्तूंची दुकानं आहेत, आणि १९१४ सालच्या शाळेच्या इमारतीत राहायची सोय आहे. वरच्या कड्यावर द्राक्षमळेवाल्यांची बसायची जागा आहे, तिथून नदीचं वळण दिसतं.

सिव्हिल वॉरमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात, गावाने खूप सोसलं. १८६४ च्या सुमारास दक्षिणेकडच्या बाजूचे बंडखोर लुटारू इथे तळ देऊन असायचे, 'ब्लडी बिल' अँडरसन हे त्यातलं सगळ्यात भीतिदायक नाव. आज ज्या ओट्यांचे आपण फोटो काढतो, त्या गावात तेव्हा माणसं दारं लावून बसलेली होती.

एक गोष्ट मनापासून सांगतो. ही लोकांची राहती घरं आहेत. मागे एकदा माझ्यासमोर एक कुटुंब सरळ कोणाच्या तरी ओट्यावर चढून झुल्यावर बसून फोटो काढायला लागलं, आतून आजीबाई बाहेर आल्या, रागावल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. रस्त्यावरून फोटो काढा, हवे तेवढे काढा. कोणी ओट्यावर बसलेलं असेल तर हात करा, 'हाय' म्हणा, बहुतेक वेळा तेच बोलायला सुरुवात करतात आणि मग पुराच्या गोष्टी निघतात.

पूर खरंच येतो का तिथे?

येतो. मिझुरीला इथले लोक बिग मडी म्हणतात, गढूळ पाण्याची मोठी नदी, लांबी २,३४१ मैल, अमेरिकेतली सगळ्यात लांब. मुळात ही रेल्वे बंद पडली त्यातही पुराचा हात होता, १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये पाण्याने मार्ग जागोजागी वाहून नेला आणि कंपनीने तो परत बांधला नाही. मग ट्रेल झाली, आणि १९९३ च्या महापुरात तिचाही बराच भाग पाण्याखाली गेला. पुन्हा बांधली. २०१९ मध्येही पाणी चढलं होतं.

त्यामुळे मार्च ते जुलैमध्ये जाताना आधी मिझुरी स्टेट पार्क्सच्या साइटवर ट्रेल चालू-बंद बघा. गावात ऊन पडलंय म्हणजे वाट मोकळी आहे असं नसतं, पाणी वरच्या राज्यांमधून येतं, तिथे चार दिवसांपूर्वी पाऊस झालेला असतो. वाटेवर अडथळा लावलेला दिसला तर ओलांडून जाऊ नका.

नदीत पाय बुडवले तर चालेल?

नको. वरून नदी संथ दिसते, पण बोटींसाठी तिचं पात्र बांधून अरुंद आणि खोल केलेलं आहे, त्यामुळे ओढ जबरदस्त असते, आणि काठचा गाळ भुसभुशीत, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. पोहता येणाऱ्यालाही नको. लहान मुलं सोबत असतील तर नदीच्या बाजूने स्वतः चाला.

ही जमीन सरकारची झाली कशी? शेतकऱ्यांनी विरोध केला नाही?

केला, आणि चांगलाच केला. हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून नीट सांगतो. रेल्वेकडे ही पट्टी बऱ्याच ठिकाणी फक्त वापराच्या हक्काने होती. गाडी बंद झाली की जमीन आपल्याकडे परत यायला हवी, असं काठावरच्या शेतकऱ्यांचं म्हणणं होतं, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. पण १९८३ मध्ये केंद्राच्या कायद्यात एक दुरुस्ती झाली होती, की बंद पडलेला मार्ग पुढे कधी रेल्वेसाठी लागू शकतो असं धरून अखंड राखून ठेवायचा आणि तोवर त्यावर वाट करायची. याला रेलबँकिंग म्हणतात. व्हरमाँट राज्यातल्या एका खटल्यात १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाने ही दुरुस्ती वैध ठरवली, मात्र जमीनमालकाला भरपाई मागायचा रस्ता मोकळा ठेवला.

कायदा असला तरी पैसे हवे होते. ते टेड जोन्स आणि त्यांची पत्नी पॅट यांनी दिले, मार्गाचा हक्क घ्यायला दोन लाख डॉलर आणि वर वाट बांधायला वीस लाख. टेड जोन्स गुंतवणुकीच्या धंद्यातले मोठे गृहस्थ. ट्रेल उघडली त्याच वर्षी, १९९० मध्ये, ते वारले. मला स्वतःला वाटतं की त्या दोघांनी पैसे दिले नसते तर आज रोशपोर्ट हे महामार्गावरून जाताना न दिसणारं एक रिकामं गाव असतं.

कुठल्या महिन्यात जावं?

एप्रिलचा उत्तरार्ध ते मे, आणि ऑक्टोबर. वसंतात कड्यांच्या पायथ्याशी रानफुलं असतात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर झाडं पिवळी-तांबडी होतात आणि पांढऱ्या खोडाची सिकॅमोर झाडं उठून दिसतात. त्या वीकेंडना गर्दी असते, शक्य असेल तर मधल्या वारी जा, पण मग गावातली काही दुकानं बंद मिळतील हे धरून चला. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईसारखा दमटपणा असतो, सकाळी सातला सुरू करून अकराला आटपा. जानेवारीत कोणी जात नाही, मी जातो, कारण पानगळ झाल्यामुळे कडे पूर्ण उघडे दिसतात आणि नदीवर बॉल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचे गरुड, असतात. आपल्याकडे मासळीबाजारावर घारी घिरट्या घालतात ना, तशाच लयीत, फक्त आकाराने खूप मोठे.

खाणं, पाणी, टॉयलेट?

रोशपोर्टच्या ट्रेलहेडला, म्हणजे वाटेवर यायच्या जागी, टॉयलेट आणि पिण्याचं पाणी आहे, कडक हिवाळ्यात पाणी बंद करतात. मधल्या सगळ्या ट्रेलहेडना पाणी असतंच असं नाही, म्हणून माणशी दीड लिटर घेऊन निघा. गावात खायच्या जागा आहेत, पण गाव लहान, वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आधी फोन करून विचारा. शाकाहारी असाल तर आपला डबा बरा. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेतो, गरम करायला लागत नाही आणि सांडत नाही. कचरा परत घेऊन या.

साप, किडे वगैरे?

साप उन्हात पडलेले दिसतात, आपण थांबलो की निघून जातात, काठीने डिवचू नका. माझ्या मते खरी काळजी गोचिडांची. गवतात शिरू नका, घरी आल्यावर गुडघ्यामागे, कमरेला, केसांत नीट बघा. आणि पॉयझन आयव्ही ओळखायला शिका, तीन तीन पानांचा वेल, कड्यांच्या पायथ्याशी भरपूर असतो, हात लागला की दुसऱ्या दिवशी अंगावर फोड. झुडपाआड जायची वेळ आली तर आधी पानं मोजा.

रोशपोर्टहून पुढे जावं का?

पाय म्हणत असतील तर जा. दहा मैलांवर न्यू फ्रँकलिन, आणि १९१.८ वर बूनव्हिल. याच परिसरातल्या जुन्या फ्रँकलिनमधून विल्यम बेकनेल १८२१ मध्ये नैऋत्येकडच्या सांता फे शहरी व्यापाराला निघाला आणि त्यातून सांता फे ट्रेल हा जुना व्यापारी मार्ग झाला. बूनव्हिलला नदीवर १९३२ चा रेल्वेपूल आहे, मधला भाग लिफ्टसारखा वर जाणारा. तो पाडणार होते, गावकऱ्यांनी अनेक वर्षं लढून वाचवला, आता त्याच्या एका भागावर चालत जाता येतं. ट्रेल स्वतः शेजारच्या रस्त्याच्या पुलावरून नदी ओलांडते.

उशीर झाला आणि अंधार पडायला लागला तर?

ट्रेल सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच चालू असते, वाटेवर तंबू ठोकायला परवानगी नाही. कड्यांच्या बाजूला उजेड घड्याळापेक्षा लवकर जातो, सूर्य मावळायला अर्धा तास असतानाच सावली पडते, आणि फोनला रेंज काही जागी नसते. म्हणून सायकलला पुढे-मागे दिवा असू द्या, दिवसा निघालात तरी. प्रत्येक मैलाला पाटी आहे, शेवटची पाटी कुठली पाहिली तो आकडा लक्षात ठेवा. मदतीला फोन करायची वेळ आली तर 'नदीकाठी, झाडं आहेत' असं सांगून कोणाला सापडणार नाही, '१७५ च्या पुढे, रोशपोर्टकडे' एवढं सांगितलं की माणूस पोचतो. माझी मुलगी आता पाटी आली की मोठ्याने आकडा म्हणते, आणि १७८ आला की सायकलवरून उतरते, कारण तिला उरलेला तुकडा गावापर्यंत चालत जायचा असतो.